नटांचा डबा

कॉलेजची तीन वर्षं मी मामाकडे राहिले. घराच्या मागच्या खोलीत त्याचं वर्कशॉप होतं. तिथे जिममधली म्हातारी यंत्रं यायची. कुणाची केबल उसवलेली, कुणाची पुली चिरलेली, कुणाच्या फाटक्या सीटमधून स्पंज डोकावणारा. मामा आधी पान्याला हात लावत नसे. दांडा एकदा वरखाली करायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "डावं बेअरिंग गेलंय." उघडून बघावं तर डावंच गेलेलं असायचं. जेवायची हाक मात्र त्याला तिसऱ्या खेपेशिवाय कधी ऐकू आली नाही.

"यंत्रांसाठी कान, माझ्यासाठी नुसती भोकं," मामी म्हणायची.

मी दुसऱ्या वर्षाला असताना मामीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. जिभेला काही झालं नाही, हे मामा येणाऱ्याजाणाऱ्याला समाधानानं सांगायचा आणि आतून आवाज यायचा, "ऐकतेय मी!"

डॉक्टरांनी सांगितलं, हाताला रोज व्यायाम द्या, पण पेलेल तेवढाच. मामीचं मागणं एकच होतं, "मला माझी वेणी घालता आली पाहिजे." कारण तेव्हा तिची वेणी मामा घालत होता. करकचून पेड आवळायचा, शेवटी रबराला चार वेढे.

"अहो, केस आहेत ते, केबल नाही!"

"दिवसभर सुटायची नाही, बघ," तो अभिमानानं म्हणायचा. मी घालते म्हटलं, तर मामी म्हणाली, "राहू दे गं, त्यांचा हात बसतोय आता."

मग मामानं एक भंगारात निघालेलं यंत्र मामीसाठी खोलायला घेतलं. त्याची सगळ्यात हलकी प्लेट पाच किलोची. मामीला पेला उचलवत नव्हता, प्लेट कुठली! त्यानं सगळ्या प्लेटा काढून टाकल्या आणि केबलच्या टोकाला चहाचा रिकामा डबा टांगला. दुसऱ्या टोकाची मूठ जमिनीपाशी आणली, तिला मऊ रेक्झिन गुंडाळलं. खुर्चीत बसून मामीनं हात वर नेला की मागे डबा वर चढायचा. रोज सकाळी मामा डब्यात एक नट टाकायचा. खळ्ळ. "बढती झाली तुझी," म्हणायचा.

सव्वीस नटांपर्यंत गाडी नीट गेली. सत्ताविसाव्या दिवशी हात खांद्यापर्यंतही येईना. दुसऱ्या दिवशी तेच. मामी गप्प झाली. तिची बडबड थांबलेलं घर मी पहिल्यांदाच पाहत होते.

तिसऱ्या दिवशी हात सरसर कानापर्यंत गेला. मी टाळ्या वाजवल्या. मामीनं मात्र हात तसाच धरून ठेवला.

"आज डबा वाजला नाही."

"ग्रीस लावलंय मी," मामा म्हणाला.

"ग्रीस पुलीला लावतात. डब्याला नाही." मग माझ्याकडे वळून, "बघ गं आत काय आहे."

आत बारा नट होते. ते वाजू नयेत म्हणून वर चिंधी कोंबलेली.

मामा पान्याकडे बघत राहिला. "तू खचशील असं वाटलं."

"तीस वर्षं या खोलीतलं लोखंड ऐकतेय मी. मला फसवता? काढा ती चिंधी. आणि माझे नट मला परत द्या."

त्यानं एकेक करून नट परत टाकले. मामी मोजत होती. त्या दिवशी हात कमरेच्या वर गेला नाही, पण तिची बडबड परत आली.

पुढे अडीच महिन्यांनी मी परीक्षेचं वाचत बसले होते. मामी केस पुढे घेऊन, वेणी हातात धरून वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. मामा कंगवा घेऊन घरात यायलाच निघाला होता. त्यानं दुरुस्तीला आलेली वस्तू बघावी तशी ती वेणी वरपासून खालपर्यंत निरखली.

"पेड सैल आहेत."

"असू देत. माझे आहेत."

मामा हसला. मग हातातल्या कंगव्याचं काय करावं हे त्याला कळेना. कधी या खिशात घातला, कधी त्या. मामीनं जरा वेळ ते बघितलं आणि रबर त्याच्यापुढे धरलं.

"हे तेवढं लावा. आवळू नका."

त्यानं एकच वेढा दिला, अगदी हलक्या हातानं. जेवायला बसेपर्यंत वेणी सुटली. मामाच्या हातून सुटलेली ती पहिलीच.