बर्फाखालची खोली

मुलीने मला बर्फावर मासे धरायला नेलं, तेव्हा मी मनात एक हट्ट धरून बसलो होतो. पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली होती. पार्सिपनीच्या चार बेडरूमच्या घरात मी एकटा राहात होतो आणि कंटाळलो होतो. मिनेसोटाला मुलीकडे कायमचं जावं असं फार वाटायचं, पण आपणहून मुलीच्या घरी बिऱ्हाड कसं न्यायचं? तिने बोलावलं तर जाईन, नाहीतर नाही, असं ठरवून मी पाच दिवसांसाठी आलो होतो. चौथा दिवस उजाडला तरी बाईसाहेब हवामानावरच बोलत होत्या.

गोठलेल्या तळ्यावर आमचा छोटा तंबू, आत हीटर आणि बर्फात पाडलेली वीत-वीतभर रुंदीची दोन भोकं. त्यातल्या एकात तिने वायरीला बांधलेला सेन्सर सोडला. वायरीचं दुसरं टोक जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्रात होतं. याला डेप्थ फाइंडर म्हणतात, हा पाण्यात आवाजाच्या लहरी सोडतो आणि त्या परत आल्या की तळ आणि मासे दाखवतो, असं तिने मला सावकाश समजावून सांगितलं. तीस वर्षं लोकांच्या पोटातले खडे सोनोग्राफीवर शोधलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

मग मीही माझी विद्या दाखवली. यंत्राच्या गोल तबकडीवर तळाची जाड लाल पट्टी होती आणि तिच्या वर एक हिरवी रेघ लुकलुकत होती. हा मासा, चांगला पाऊण किलोचा, असं मी निदान जाहीर केलं. मुलीने त्याच भोकात सोडलेली मासेमारीची काठी शांतपणे हातभर वर उचलली. रेघही हातभर वर आली. तो तिचाच गळ होता. त्यानंतर मी तिला गेन, म्हणजे यंत्राची संवेदनक्षमता, कमी करायला लावला, तसे तबकडीवरचे फालतू ठिपके गेले आणि माझी थोडीफार अब्रू वाचली.

तासाभरात शेपूटही दिसलं नाही. म्हणून तिने सगळा सरंजाम दुसऱ्या भोकाशी हलवला. मी थर्मासातला चहा ओतत होतो. वाफेने चष्मा धुरकटला आणि तबकडीवरचे आकडे दिसेनात, म्हणून मी विचारलं, "खोली केवढी आहे गं?"

तिने काठी बाजूला ठेवली. मग बारीक आवाजात म्हणाली, "मोठी आहे, बाबा. खालच्या फ्लोअरवर आहे, म्हणजे तुला स्टेअर्स नकोत. लास्ट मंथमध्ये पेंट केली. कलर नाही आवडला तर वी कॅन चेंज इट."

मला क्षणभर काही कळेना. मग उलगडा झाला. लहानपणी तिच्या कानावर हा शब्द रोज एकाच वाक्यातून पडायचा. "खोली आवर," असं तिची आई ओरडायची. पाण्याच्या खोलीशी तिचा मराठीतून कधी संबंधच आला नव्हता; पोहायलासुद्धा ती इंग्रजीत शिकली.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"आय थॉट तुला राग येईल. तूच म्हणायचास ना, मुलीच्या घरी राहायचं नसतं."

म्हणालो असेन. कुणाच्या तरी घरी, भरल्या पोटी, चारचौघांत फुशारकी मारताना. लेकीने ते मनात धरलं होतं आणि तरीही माझ्यासाठी भिंती रंगवल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली आणि आनंदही झाला. एरवी तिचं मराठी दुरुस्त केल्याशिवाय मला घास गिळवत नाही. पण त्या दिवशी खोलीचा दुसरा अर्थ मी तिला सांगितला नाही.

तबकडीवर एक नवी रेघ तळापासून सरसर वर चढत होती. तो मासाच असणार. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत बसलो होतो.

"बाथरूम जवळ आहे ना?" मी विचारलं.