बीचखालची मोहरी

"हातमोजे काढा, बँकवाले. नाकाला विचारा," असं म्हणत काका कुठलंही पान दोन बोटांत चुरडायचे आणि थेट माझ्या नाकाखाली धरायचे. त्यांच्याबाबतीतली एक गोष्ट मी कुणालाच, अगदी बायकोलाही सांगितलेली नाही. आज सांगतो.

व्हिटबीत ते आमच्या शेजारी एकटेच राहत. निवृत्त सिव्हिल इंजिनियर, मूळचे सांगलीचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पन्नास वर्षं कॅनडात काढलेली, तरी बेसमेंटमध्ये फर्नेसशेजारी सांडगे वाळवणारी.

घरांमागच्या रानात एका बीचच्या झाडाखाली, बर्फ गेला की पांढऱ्या फुलांचा एक ताटवा उगवे. टूथवर्ट. चार पाकळ्या, जात मोहरीची. महिनाभरात फुलं, पानं, सगळं जमिनीत परत. इथल्या पहिल्याच वसंतात काकूंनी त्याचं पान चावून पाहिलं होतं. "अगं बाई! फेसलेल्या मोहरीसारखं नाकात जातंय की!" काकू गेल्या, तरी काका दर वर्षी तिथं जाऊन एक पान तोंडात टाकत. डोळे पाणावत. "तिखट आहे हो," म्हणत. मी शेजारी उभा असे, बहुतेक वेळा फोन बघत.

त्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे त्यांना वाकायची बंदी होती. रानात गार्लिक मस्टर्ड, म्हणजे लसणाच्या वासाचं एक तण, माजलं होतं. तेही मोहरीच्याच जातीचं, तशाच पांढऱ्या फुलांचं. पण बाहेरून आलेलं आणि बाकीच्यांना जगू न देणारं. ते उपटायला शनिवारी वस्तीतले सगळे जमणार होते.

"माझ्या वाटणीचं तुम्ही उपटा," काका म्हणाले. "लसणाचा वास आला तरच हं!"

थंडी होती, मला घरी जायची घाई होती. नेहमीची घरामागची वाट सोडून रस्त्याकडच्या बाजूने मी आत शिरलो. पांढरी फुलं, चार पाकळ्या, एवढं पुरेसं वाटलं. अख्खा ताटवा मुळांसकट उपटून काळ्या पिशवीत कोंबला. गाठ मारायला हातमोजे काढले, तेव्हा बोटांना वास आला. मोहरीचा. लसणाचा नव्हे. वर पाहिलं, तर तोच बीच.

आठवड्याने काका काठी टेकत आले. त्या झाडाला दोनदा फेरी घातली.

"इथंच ना हो?"

"मला नक्की आठवत नाही, काका."

"मग पलीकडचा बीच असेल." पलीकडे गेले. परत आले. "असं कसं होईल?" मग हसले, आणि ते हसणं मला बघवेना. "ही जागा विसरलो म्हणजे संपलंच की."

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचा देशाच्या दुसऱ्या टोकाहून, बर्नाबीहून फोन आला. "दादा, खरं सांगा, बाबा हल्ली विसरतात का?"

"थोडंफार," मी म्हणालो.

गाडीची किल्ली काकांनी आपणहून टेबलावर ठेवली. घर विकलं गेलं. मुलीकडे राहायला जाताना सांडग्यांचा डबा माझ्या हातात देत म्हणाले, "वसंतात एक चक्कर टाका. माझ्या डोळ्यांवर आता माझा भरवसा नाही."

त्यानंतर दर एप्रिलला बर्नाबीहून त्यांचा फोन. "आलं का हो?" सगळे फोन नंबर तोंडपाठ असलेला माणूस. मी म्हणायचो, "नाही दिसलं." आणि तेवढंच एक मी त्यांच्याशी खरं बोललो.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. या एप्रिलमध्ये बीचखाली दोन पानं वर आली. मुळाचा एखादा तुकडा राहिला असणार. हातमोजे काढून मी एक पान चुरडलं.

तुझ्या बाबांची जागा चुकली नव्हती, ते काहीही विसरले नव्हते, ताटवा मी उपटला होता, एवढं त्यांच्या मुलीला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.