डोळ्यांचे मापाडी

मापाडीसाहेबांसमोर ‘बराबर’ हा शब्द काढायची सोय नव्हती. पीक बराबर आहे म्हटलं, पोराचा ताप बराबर उतरला म्हटलं, की लगेच त्यांचा सवाल यायचा, "बराबर म्हंजे किती?" माझ्या मायनं एकदा त्यांना जेवायला वाढलं आणि सहज विचारलं, भाजीत मीठ बराबर आहे का. साहेबांनी घास तोंडातच थांबवला, डोळे मिटले, विचार केला आणि म्हणाले, "एक चिमूट जास्त."  पुढच्या जेवणाला मायनं मीठ घातलंच नाही, आणि साहेबांनी तेही मुकाट्यानं खाल्लं.

खरं तर ते देवी टोचणारे. निजाम सरकारचे नोकर. दर हिवाळ्यात एका थकल्या तट्टावर बसून वाटूरच्या बाजूच्या आमच्या गावात यायचे, तीन-चार दिवस चावडीत मुक्काम करायचे आणि पोरांचे दंड टोचून पुढच्या गावाला जायचे. तरुणपणी हैदराबाद शहरात एका डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हाताखाली त्यांनी काही वर्षं काढली होती. तिथून येताना त्यांनी पैसा आणला नाही, मोजायची खोड तेवढी आणली. आष्टीच्या बाजारात धान्य मोजणारा मापाडी असतो, तसे हे डोळे मोजतात, म्हणून गावानं त्यांना मापाडीसाहेब करून टाकलं. त्यांना ते नाव आवडायचं. सरकारी हुद्द्यापेक्षा जास्तच.

त्यांची नजर आमच्या किसनवर पडली ती एका पडण्यामुळं. किसन माझा धाकटा भाऊ. तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि मी अकराची. टोचून घ्यायला आम्ही रांगेत उभे होतो आणि किसन साहेबांच्या लाकडी पेटीवर धडपडला. पेटी मधोमध ठेवलेली, भरदिवसा. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला एक धपाटा घातला. साहेब मात्र पेटीतल्या बाटल्या सोडून किसनकडंच बघत राहिले. त्यांनी त्याच्या नाकासमोर दोन बोटं धरली. किसन म्हणाला, दोन. मग बोटं हळूच बाजूला नेली. किसन म्हणाला, गेली.

"सांजच्याला दिसतं का बेटा?"

"बराबर दिसतं," दादाच मध्ये बोलले.

साहेबांनी दादांकडं पाहिलं, आणि ते काय विचारणार हे सगळ्या गावाला कळलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आमच्या ओसरीवर हजर. त्यांनी आमची काळी घोंगडी मागितली आणि भिंतीवर ताणून बसवली. तिच्या मधोमध स्वतःच्या कोटाचं पितळी बटण तोडून शिवलं. एका तुराटीच्या काडीच्या टोकाला कापसाचा बोळा लावला. किसनला घोंगडीसमोर हातभर अंतरावर बसवलं. एक डोळा झाकायचा, दुसऱ्यानं बटणाकडंच बघायचं, आणि बोळा कडेनं आत येताना दिसला की ‘दिसला’ म्हणायचं. जिथं दिसेल तिथं साहेब बाभळीचा काटा खोचणार. सगळीकडून काटे खोचून झाले की त्यांना दोरा गुंडाळायचा. दोऱ्याच्या आत पोराची नजर, बाहेर अंधार.

"घोंगडीची चाळण करून राह्यले हे," माय आतून म्हणाली.

पहिल्या मापात किसनची नजर भलतीच चांगली निघाली. साहेबांना शंका आली. त्यांचे बूट चालताना करकरायचे. ते उजवीकडं गेले, काडी पाठीमागं लपवली आणि नुसतेच उभे राहिले.

"दिसला," किसन म्हणाला.

"काय दिसला?"

"कापूस."

साहेबांनी काडी पुढं काढून दाखवली आणि खाली बसून हसले. "बेटा, कान तुझे अव्वल हैत. पर मी कानाचं माप घ्यायला आल्तो न्हाई." मग त्यांनी बूट काढून ठेवले, अनवाणी माप सुरू केलं, आणि दुसऱ्याच फेरीत स्वतःच्याच बाभळीच्या काट्यावर पाय दिला. तो काटा मायनं सुईनं काढला. मिठाचा राग त्या दिवशी फिटला असावा.

खरं माप निघालं ते सुपाएवढं. माझंही घेतलं, तर ते सगळी घोंगडी ओलांडून भिंतीवर गेलं. दोन मापं शेजारी शेजारी बघून माय आत गेली.

साहेबांनी घाई केली नाही. खाण्यातल्या कमतरतेनंही रातांधळेपणा येतो, तसा असेल तर तेलानं सुटेल, म्हणाले. माशाचं तेल दिलं. आमचं घर माळकऱ्यांचं, म्हणून ती बाटली परसदारी, शेणाच्या गोवऱ्यांमागं राहायची, आणि किसन नाक दाबून रोज एक पळी घ्यायचा. तीन महिन्यांनी साहेब रजा टाकून स्वतःच्या खर्चानं पुन्हा आले. घोंगडी टांगली. दोरा होता तिथंच पडला.

तेव्हा त्यांनी दादांना विचारलं, लग्नाआधी तुम्ही नवरा-बायको एकमेकांचे कोण लागत होता. माय दादांच्या सख्ख्या मामाची लेक. आणि माझी सोयरीक ठरलेली होती आत्याच्या मुलाशी.

"भाऊ, ही सोयरीक करू नका," साहेब म्हणाले. "हे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं हाय. रगतातून येतं, औषध न्हाई. घरातल्या घरात लगीन झालं की वर निघतं. तुमच्या बहिणीच्या घरी बी हेच रगत. पोरगी दूर दिली तर भीती लई कमी."

दादा उठून उभे राहिले. "लई कमी म्हंजे किती?"

 "ते मला मोजता येत न्हाई," मापाडीसाहेब म्हणाले.

"मंग डोळ्याचं माप घ्या आन जा. आमच्या सोयरिकीचं माप घ्यायला तुमाला कुणी बोलीवलं न्हाई."

साहेब तट्टावर बसून गेले. आत्यानं नवं लुगडं घेऊन ठेवलं होतं. लग्न पुढच्या सालच्या वैशाखात धरायचं ठरलं. मला कुणी काही विचारत नव्हतं, पण किसनला हाताला धरून विहिरीवरून आणताना मी मनात एक पोर बघायचे, माझं, पेटीवर धडपडणारं.

हिवाळ्यात साहेब आले आणि सरळ ओसरीवर चढले. किसनचं माप आता भाकरीएवढं झालं होतं. दादा पाठ करून बसले होते. साहेबांनी एक जाड कागद घेतला, दोऱ्याचं माप बघून त्याची पुंगळी केली आणि दादांसमोर धरली.

"भाऊ, एक डोळा मिटा, दुसऱ्याला ही लावा. बैलांपर्यंत जाऊन या. येवढंच करा. मी परत बोलनार न्हाई."

दादांनी कशासाठी ऐकलं कोण जाणे. बहुधा साहेब लवकर जावेत म्हणून. पुंगळी डोळ्याला लावून ते निघाले. चार पावलं नीट गेली. मग घागरीला पाय लागला. बैल समोर दिसत होते, त्यामुळं ते सरळ चालत राहिले आणि मधल्या गव्हाणीवर नडगी आपटून खाली बसले. पुंगळी काढली नाही. तसेच बसल्या बसल्या मान इकडं तिकडं फिरवून बघत राहिले. ओसरी, माय, मी, किसन. एका वेळी एकच माणूस.

ती सोयरीक मोडली. आत्या पुढं चार वर्षं आमच्या उंबऱ्याला आली नाही. मला आष्टीकडच्या एका नात्याबाहेरच्या घरी दिली.

किसनसाठी साहेबांचा हुकूम वेगळा होता. नजर आहे तोवर हाताला काम शिकवा, जल्दी. तो बाजा, म्हणजे दोरीच्या खाटा, विणायला शिकला, आणि असा शिकला की लांबलांबहून लोक मोडक्या बाजा घेऊन यायचे. साहेब दर हिवाळ्यात माप घ्यायचे. भाकरीची वाटी झाली. साहेब मान हलवत लिहून घ्यायचे आणि किसन त्यांनाच धीर द्यायचा, "साहेब, बाज विणायला वाटी बी जास्तच हाय."

साहेब शेवटचं आले तेव्हा त्यांची पेन्शन जवळ आली होती. मी माहेरी आले होते, चार वर्षांची माझी लेक घेऊन. त्यांनी न विचारता घोंगडी टांगली. लेक समोर बसली. बोळा कडेला येताच म्हणाली, दिसला. साहेब मागं सरले. दिसला. घोंगडी संपली, भिंत लागली, हात लांबवून साहेब पार कोपऱ्यात गेले. काटा खोचायला जागा उरली नव्हती. पोर बटणावरची नजर न हलवता म्हणाली, "दिसला. आजोबा, तुमचा हात बी दिसून राह्यला."

साहेबांनी काडी खाली ठेवली. तिचं माप त्यांनी कागदावर लिहून घेतलं नाही. कोपऱ्यातच बसले, आणि मायला म्हणाले, चहा टाका.

पुढच्या साली निजामाचं राज्य गेलं. देवी टोचायला दुसराच माणूस आला, तरुण, चांगल्या कपड्यातला. मापाडीसाहेब कुठं असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. अर्ध्या तासात त्यानं सगळ्या पोरांचे दंड टोचले आणि पेटी बंद केली. किसन चावडीच्या दारातच बाज विणत बसला होता. त्याला वळसा घालून तो माणूस निघून गेला.