कादंबरीच्या गेटवर

कादंबरी कशी वाचावी हे आमच्या मुळशी तालुक्यात एकाच माणसाला कळलं होतं, आणि तो माणूस पिरंगुटच्या एका कारखान्याच्या गेटवर गळ्यात शिट्टी अडकवून उभा असायचा, असं मी आज म्हणते. म्हणायची वेळ होती तेव्हा म्हणाले नाही, म्हणून तर हे लिहायला बसले आहे. हा माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात.

मामांचा जगाशी वागण्याचा एकच नियम होता. आत येणाऱ्याची नोंद झाली पाहिजे आणि बाहेर जाणाऱ्याची पिशवी बघितली पाहिजे. ड्युटी संपली तरी हा नियम संपायचा नाही. घरी पाहुणा आला की आत्या पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि मामा विचारायचे, "काय आणलं?" पाहुणा उठला की, "काय नेताय?" पिशवीत डोकावल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्यात संशय नसायचा, नुसती सवय. आत्याने कुणाला परसातली वांगी दिली असतील तर ती मोजून "बराबर हाय" म्हणायचे आणि माणसाला मोकळं करायचे. थोरल्या मुलीच्या लग्नात ते मांडवाच्या तोंडाशी स्वागताला उभे होते. नवरदेव घोड्यावरून उतरून पुढे आला आणि मामांनी त्याला विचारलं, "कुणाला भेटायचंय?" व्याह्यांनी ते वर्षभर लावून धरलं. मामांचं म्हणणं एवढंच, की विचारलं तर सांगायचं, त्यात रागवायचं काय?

गुरुवारी कारखाना बंद असायचा, पण गेट काही बंद नसायचं. त्या दिवशी मामा कादंबऱ्या वाचायचे. सातवीपर्यंत शिकलेले, ओठ हलवत वाचायचे, आणि वाचताना शेजारी जुनं, अर्धं भरलेलं रजिस्टर असायचं. पट्टीने रकाने आखलेले: नाव, कुठून आले, काम, आत, बाहेर, शेरा. कादंबरीत नवं माणूस आलं की त्याची नोंद. 'आत' खाली पान नंबर, निघून गेलं की 'बाहेर' खाली पान नंबर. शेऱ्यात मामा मोकळे व्हायचे. एका नायकापुढे त्यांनी लिहिलं होतं, "बोलतो फार, हातात काही नाही." एका सावकारापुढे, "दोनदा आला. चहा पिऊन गेला." एका कादंबरीत म्हातारा मरतो. त्याच्या 'बाहेर'खाली पान नंबर होता आणि पुढे, "सोबत काही नेले नाही."

मी हे सगळं हसण्यावारी नेत होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, आणि दोन हजार पाच साली एस.वाय.ला मराठी घेऊन बसले होते. बसले होते हेच खरं. पहिल्या वर्षी एकदा वर्गात माझ्या तोंडून "न्हाई" गेलं आणि भूगावच्या नव्या फ्लॅटांतून येणाऱ्या दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या. तेव्हापासून मी तिसऱ्या बाकावर तोंड मिटून होते. म्हणून मॅडमनी अभ्यासक्रमातल्या कादंबरीवर समीक्षात्मक निबंध लिहायला सांगितला, सर्वांत चांगला निबंध सगळ्यांसमोर वाचायचा आणि वार्षिक अंकात छापायचा असं ठरवलं, तेव्हा मला तो मान हवाच होता. एकदा तरी त्या वर्गाने माझं गप्प बसून ऐकावं, एवढंच मनात होतं.

मी आराखडा केला. प्रस्तावना, कथानक, पात्रचित्रण, वातावरण, भाषाशैली, समारोप. गाइडातून उतरवलेला. तो घेऊन एका गुरुवारी मामांच्या केबिनमध्ये लिहायला बसले, कारण तिथे टेबल होतं. मामांनी कागद ओढून वाचला आणि विचारलं, "ओघवती भाषा म्हंजी कशी गं?" मला सांगता येईना. "मग लिवलंस कशापाई?" असं विचारून त्यांनी माझी कादंबरी ठेवून घेतली.

पुढच्या गुरुवारी त्यांचं रजिस्टर तयार होतं. कादंबरी एका शिक्षकाची होती. बदली होऊन गावात येतो, शाळा उभी करतो, गावाशी भांडतो, जिंकतो. मामांनी शिक्षकावर फारसा वेळ घालवला नव्हता. त्यांचं बोट एका ओळीवर होतं. शिक्षकाची विधवा मेहुणी एकतिसाव्या पानावर पत्र्याची पेटी घेऊन घरात येते. स्वयंपाक करते, मुलं सांभाळते, शहाण्णवव्या पानावर पाहुण्यांना चहा देते. त्यानंतर तिचा उल्लेख नाही.

"ही बाई आत आली," मामा म्हणाले, "भायेर गेल्याची नोंद न्हाई. मेली न्हाई, माहेरी गेली न्हाई. शेवटच्या पानावर समदे जेवाया बसल्यात. रांधलं कुणी?"

मी म्हटलं, लेखक विसरला असेल. मामा म्हणाले, "लेखक इसरला, त्यो मास्तरबी इसरला, आन् तूबी इसरली. चार येळा वाचलीस म्हनतीस ना?"

मी माझा आराखडा फाडला. निबंध त्या मेहुणीवरच लिहिला: सगळ्या घराला पुरून उरणारं आणि कुणाच्याच ध्यानात न राहणारं एक माणूस. लिहिताना हात थांबत नव्हता. निबंध निवडला गेला.

वाचनाच्या दिवशी मामा आले. मी बोलावलं नव्हतं. आत्याकडून कळलं असणार. ड्युटीवरून थेट, खाकी गणवेशात, काखेत रजिस्टर. शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले. वर्ग खरंच गप्प बसून ऐकत होता. संपल्यावर मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं ही कादंबरी शिकवते आहे, मला ही बाई दिसली नव्हती. तुला कशी दिसली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मामासुद्धा. मी म्हणाले, "वाचता वाचता सुचलं, मॅडम."

मग मॅडमचं लक्ष मागे गेलं. त्यांनी सहज विचारलं, हे कोण? भूगावच्या मुलींपैकी एक दुसरीला म्हणाली, "वॉचमन काका गाडी काढायला सांगायला आले असतील." मला ऐकू आलं. मी म्हणाले, "आमच्या गावातले आहेत."

मामा उठून उभे राहिले. "व्हय," ते म्हणाले, "गावातलाच हाय." आणि टोपी घातली.

बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. घोटवड्याचा फाटा गेला तरी मी तिकीट बोटाला गुंडाळत होते. शेवटी तेच म्हणाले, "झ्याक वाचलंस. ती बाई भायेर आली बघ. लई बरं झालं." त्यांच्या आवाजात टोमणा होता का, हे मी पुष्कळ दिवस शोधलं. नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

अंक निघाला. निबंधाखाली माझं एकटीचं नाव होतं. छपाईआधी त्यात मामांचं नाव घालून घ्यायला एक महिना होता, आणि मी रोज उद्या मॅडमशी बोलू म्हणत होते.

पुढे कारखान्यात कार्ड दाखवून आत जायचं यंत्र आलं. मामांनी जुनी रजिस्टरं घरी आणली आणि माळ्यावर टाकली. परीक्षेनंतर एका दुपारी मी शिडी लावून ते रजिस्टर शोधलं. मेहुणीच्या ओळीत 'बाहेर'चा रकाना आता रिकामा नव्हता. माझ्या वाचनाच्या दिवसाची तारीख होती आणि पुढे मामांच्या गोल अक्षरात, "भाचीबरोबर."

त्या दिवशी मी खाली येऊन त्यांना म्हटलं, "मामा, मी तुमचं नाव घ्यायला पाहिजे होतं." ते शेंगा सोलत होते. म्हणाले, "गेटवाल्याची नोंद रजिस्टरात नसती गं." आणि मूठभर शेंगा माझ्यापुढे केल्या.

अजून मी आत्याकडे जाते. मामा ओट्यावर असतात. येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी अजून बघतात. परवा पोस्टमनची बघितली. मी निघाले की मलाही विचारतात, "काय नेतीस?"

"काही नाही, मामा," मी म्हणते.

आणि ते माझी पिशवी न बघताच मला जाऊ देतात.