थेलीस आणि मधल्या मामांची विहीर

आमच्या मधल्या मामांइतका हट्टी माणूस तासगाव तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि व्हायलाही नको, असं मामी देवापुढे हात जोडून म्हणत. मामा हायस्कुलात शास्त्र शिकवायचे, पण त्यांचा खरा जीव थेलीस नावाच्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक माणसावर. आरती संपल्यावर, बेदाण्याच्या शेडमध्ये, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी म्हातारीला, कुणाला म्हणून थेलीस चुकला नाही. "धरणी हलली की लोक म्हणायचे, देव कोपला. हा गडी म्हणाला, थांबा, कारण शोधू; जमीन पाण्यावर तरंगते, म्हणून हलते! विज्ञान तिथं सुरू झालं." सगळं जग मुळात पाण्यापासून झालं, हेही थेलीसचंच म्हणणं. बहात्तरच्या दुष्काळात मामांनी ते जेवताना ऐकवलं, तेव्हा मामी म्हणाल्या, "व्हय का? मग त्यातलं हंडाभर पिळून द्या की." मामांनी निमूट हंडा उचलला आणि टँकरच्या रांगेत गेले. तिथंही थेलीस सांगितला असणारच.

त्याच साली थोरल्या मामांची द्राक्षबाग वाळायला लागली. पलटणीतून परत आल्यावर त्यांनी ती पोटच्या पोरासारखी वाढवली होती. नव्या विहिरीला पाणी लागलं तरच बाग वाचणार होती. जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याला बोलावलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानभर फिरला, आणि बांधापाशी नारळ उभा राहिला, म्हणजे पाणी तिथंच. लोकांनी हात जोडले. मधले मामा मात्र खांद्यावरचा टॉवेल काढून पुढे झाले. "आता डोळे बांधून पुन्हा फिरा." बिचाऱ्यानं बांधूनही घेतले. या खेपेला नारळ उभा राहिला थेट गोठ्यात! मामा ओरडले, "बघा!" पाणाड्या शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमच्या शंकेनं पानी सरकलं." आणि लोकांना ते पटलं हो!

थोरल्यांचं डोकं फिरलं. "लय शाना हाईस न्हवं? मग तूच दाव जागा." मामांनी दाखवली. ओढ्याकाठचा उतार, त्यावरची हिरवी झाडं, सगळं कारणासकट. सुरुंग लागले, आणि खाली निघाला काळा, ठणठणीत कोरडा कातळ. बाग गेली.

दुसरा कुणी असता तर बदली मागून मोकळा झाला असता. आमचे मामा विहिरीच्या काठावर उभे राहिले आणि हसायला जमलेल्या गावाला ठणकावून म्हणाले, "माझं चुकलं! ती झाडं ओढ्याच्या वरवरच्या ओलीवर जगली होती, मला वाटलं खाली झरा आहे. थेलीसचंही चुकलंच होतं. पण त्यानं कारण सांगितलं होतं, म्हणून चूक सापडली!" लोक आणखी हसले. थोरल्यांनी बोलणं टाकलं. मला मात्र त्या माणसाचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

पुढच्या वर्षी भावकीनं मिळून दुसरी विहीर काढायचं ठरवलं. सगळे म्हणाले, पाणाड्याला आणा. थोरले मामा सकाळीच सायकल घेऊन मधल्यांच्या दारात आले. आत न येताच म्हणाले, "चल, जागा बघू."

मधल्यांना खरं वाटेना. "अन् परत चुकलो तर, दादा?"

"तर कुठं चुकलं त्ये सांगशील की. त्यो पाणाड्या कवा चुकतच न्हाई. त्येच्याकडनं मी काय शिकू?"

आमचे मामा चष्मा पुसून सायकलवर मागे बसले. आता दोघंही नाहीत. मला ते अजून तसेच दिसतात, एका सायकलवर डबलसीट, रानाकडे निघालेले.