दिघ्याची चांदी

अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही... पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, आणि चूकही माझीच आहे.

मी खारघरला राहते. भटक्या कुत्र्यांची नसबंदी करणाऱ्या एका छोट्या संस्थेत सुट्टीच्या दिवशी काम करते. आमचा पहिला नियम — कुत्रं जिथून उचललं, ऑपरेशननंतर तिथेच नेऊन सोडायचं.

दिघ्यातून आम्ही चांदी नावाची कुत्री आणली होती. काळी, अर्धी शेपटी. तिला रोज खाऊ घालणारे शिंदेकाका मूळचे साताऱ्याचे, दिघ्यातल्याच एका कंपनीत वॉचमन. "ताई, तिला जपून परत आना," एवढंच म्हणाले होते.

सोडायच्या दिवशी आधी उरणची कुत्री सोडली. गाडीत चांदी एकटीच उरली. दिघा पार नवी मुंबईच्या दुसऱ्या टोकाला, आणि मला संध्याकाळी बहिणीच्या साखरपुड्याला पोचायचं होतं. मी ड्रायव्हरला म्हटलं, "राजूभाऊ, हिलाही इथेच सोडा. कुत्री काय, कुठेही जगतात." त्यांनी पिंजरा उघडला. मी रजिस्टरमध्ये 'दिघा' लिहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी उरणहून फोन — कंटेनरच्या रोडवर तुमची एक कुत्री मेलीय. गेले. कानाला नसबंदीच्या खुणेची खाच, अर्धी शेपटी, गळ्यात मीच बांधलेली हिरवी दोरी. माझ्या हातांनी तिला खड्ड्यात ठेवलं, माती लोटली.

तिथून तडक दिघ्याला गेले, काकांना खरं सांगायला. दुपारचे दोन वाजले असतील. गेटवरच काका हसले, "या ताई! लई उपकार झालं बगा. तीन दिस झालं, आमची चांदी परत जागंवर!"

त्यांच्या खुर्चीखाली ती बसली होती. तीच शेपटी. तीच दोरी. काकांच्या हातून चपाती खात होती. मी हाक मारली, तशी माझ्याकडे बघून त्यांच्या पायांमागे सरकली.

"भ्यायली तुमाला," काका म्हणाले. "सुई टोचली आसंल नव्हं!"

माझ्या नखांत अजून उरणची माती होती. मी काहीच न सांगता परत आले.

दुसऱ्या दिवसापासून चांदी कुणालाच दिसली नाही. राजूभाऊ म्हणतात, दुसरी कुत्री असेल. असेलही... मला नाही कळत. काकांना मी आजवर काही सांगितलेलं नाही. मध्ये भेटले तेव्हा माझा चेहरा बघून तेच समजूत काढायला लागले —

"तुमी का वाईट वाटून घेता ताई? तुमी तर तिला घरी आनून सोडली हुती."