खांबापलीकडची गल्ली

घाटकोपरला आमच्या गल्लीच्या मधोमध एक विजेचा खांब होता. म्युनिसिपालिटीची झाडूवाली बाई रोज तिथपर्यंतच झाडायची. पदर कमरेला खोचलेला, गालात तंबाखू. खांब आला की खराटा उलटा करून जमिनीवर आपटायचा, काड्या सारख्या करायच्या आणि खुशाल परत फिरायचं. खांबापलीकडची गल्ली नुकतीच कंत्राटदाराला दिली होती. त्याची माणसं मनात येईल तेव्हा यायची, म्हणजे बहुधा यायचीच नाहीत. आणि माझं दार नेमकं पलीकडे!

एकदा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो बाई, चार हात पुढे मारलेत तर हात झिजतील का?"

"हात नाय झिजत," ती शांतपणे म्हणाली. "पण मी झाडलं की साहेब म्हणणार, कंत्राटदार झकास काम करतो. मग माझी बाजूपण त्यालाच देणार. मी कुठे जाऊ?"

कप्पाळ माझं! कंत्राटदार येईना, ही खांब ओलांडेना, आणि नाकाला रुमाल लावायचा आम्ही. शेवटी एका रविवारी चरफडत मीच खराटा विकत आणला आणि पलीकडची अख्खी बाजू झाडून काढली.

सोमवारी सकाळी तिने नुकती कुठे सुरुवात केली होती, तेवढ्यात वॉर्डातले साहेब पाहणीला आले. तिला म्हणाले, "बघ, कंत्राटाची बाजू कशी चकाचक आहे! शीक जरा."

साहेब गेल्यावर तिने पहिल्यांदाच खांब ओलांडला, सरळ माझ्या दाराशी आली आणि आपला खराटा माझ्या नव्या खराट्याशेजारी भिंतीला टेकवला.

"घ्या," म्हणाली, "आता तीपण बाजू तुमचीच."